राखाडी टोपणाची नळी, केएम आणि विकरांची नावे

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत, आणि तो विषय म्हणजे विकरे, म्हणजेच शरीरातल्या रासायनिक क्रियांना वेग देणारी एन्झाइमे. बारावी, नीट, बीएस्सी नर्सिंग आणि डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) अशा निरनिराळ्या वाटांवरचे विद्यार्थी एकाच प्रकरणापाशी अडतात याचे मला नवल वाटत नाही. प्रथम वर्षाच्या वर्गांना जीवरसायनशास्त्र शिकवताना मी दरवर्षी हेच पाहिले की वह्या याद्यांनी भरलेल्या असतात आणि आलेखाची पाने मात्र कोरी असतात. म्हणून याद्यांपेक्षा आलेखाला अधिक जागा देऊन उत्तरे लिहीत आहे.

प्रश्न : दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. अकरावीपासून विज्ञान इंग्रजीत आले आणि विकरांची नावे मला एकसारखीच वाटू लागली. कायनेज, फॉस्फटेज आणि फॉस्फोरिलेज यांत तर हमखास गोंधळ होतो. ही नावे पाठ कशी करावीत? (नीटची विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : ही नावे पाठ करण्यापेक्षा वाचायला शिकणे सोपे आहे. बहुतेक विकरांच्या नावाचे दोन भाग असतात. पहिला भाग विकर कोणत्या पदार्थावर काम करते ते सांगतो, तर दुसरा भाग ते काय करते ते सांगतो. लॅक्टेट डीहायड्रोजनेज हे नाव ऐकले की लॅक्टेटमधून हायड्रोजन काढून घेणारे विकर असा अर्थ तुम्हाला आपोआप लागला पाहिजे, आणि तो लागला की विकरांच्या कामानुसार केलेल्या वर्गवारीत हे विकर ऑक्सिडोरिडक्टेज या पहिल्या वर्गात बसते हेही वेगळे लक्षात ठेवावे लागत नाही. पेप्सिन आणि ट्रिप्सिन यांसारखी जुनी नावे या पद्धतीच्या आधीची असल्यामुळे त्यांच्यातून काहीच कळत नाही, पण अशी नावे थोडी आहेत आणि तेवढी पाठ करायला हरकत नाही.

तुम्ही विचारलेल्या तिन्ही विकरांचा संबंध फॉस्फेटशी असल्यामुळे गोंधळ होतो, म्हणून प्रत्येक वेळी फॉस्फेट कोठून येतो आणि कोठे जातो एवढेच पाहावे. कायनेज एटीपीकडून, म्हणजे पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूकडून, फॉस्फेट घेऊन दुसऱ्या रेणूला देते. तो एका रेणूकडून दुसऱ्याकडे जातो, म्हणून कायनेज ट्रान्सफरेज या दुसऱ्या वर्गात येते. फॉस्फटेज पाण्याच्या साहाय्याने फॉस्फेट तोडून मोकळा करते, म्हणून ते हायड्रोलेज या तिसऱ्या वर्गात येते. फॉस्फोरिलेज मात्र एटीपी वापरत नाही. ते पेशीतला मोकळा फॉस्फेटच बंधात घुसवून बंध तोडते, जसे ग्लायकोजन फॉस्फोरिलेज ग्लायकोजनच्या साखळीच्या टोकाचा एकेक ग्लुकोज फॉस्फेटसह वेगळा करते. हे तीन प्रवास कागदावर बाणांनी एकदा काढले की पुन्हा चुकत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

वर्गांच्या संख्येबद्दलही एक खुलासा करतो. १९६१ पासून विकरांचे सहा वर्ग मानले जात होते. २०१८ मध्ये आयन किंवा रेणू पटलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेणाऱ्या विकरांसाठी ट्रान्सलोकेज हा सातवा वर्ग जोडण्यात आला, आणि एटीपी सिंथेज आता त्या वर्गात मोडते. नीटसाठी वापरल्या जाणाऱ्या एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकात सहा वर्ग आहेत, त्यामुळे त्या परीक्षेत सहाच धरावेत, परंतु पुढे नर्सिंगच्या किंवा वैद्यकीय अभ्यासक्रमात सातवा वर्ग समोर आला तर गोंधळू नये.

माध्यमाबद्दल माझे मत असे आहे की संकल्पना मराठीत समजून घ्यावी आणि संज्ञा मात्र इंग्रजी उच्चारासहच ठेवावी. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते हे खरे आहे, पण भाषांतरात शंका निर्माण झाल्यास इंग्रजी प्रत ग्राह्य धरली जाते. त्यामुळे 'विकर' या शब्दावर प्रेम असूनही ज्याला इंग्रजी संज्ञा ओळखता येत नाही त्याचे नुकसान होते, आणि ते मला पाहवत नाही.

प्रश्न : केएम म्हणजे निम्म्या वेगाची संहती ही व्याख्या मी पाठ केली आहे, तरी त्यावरचा प्रश्न वेगळ्या शब्दांत आला की मला उत्तर सुचत नाही. अवरोधकांच्या तक्त्यात केएम आणि व्ही-मॅक्स कधी वाढतात, कधी घटतात हेही उलटसुलट होते. (बीएस्सी नर्सिंग, प्रथम वर्ष, कोल्हापूर)

उत्तर : या प्रश्नासाठी मी सर्वांत जास्त जागा राखून ठेवली आहे, कारण हा एक आलेख कळला तर प्रकरणाचा निम्मा भाग कळतो.

१९१३ मध्ये लिओनोर मायकेलिस आणि कॅनडातून जर्मनीला गेलेल्या मॉड मेंटेन यांनी साखरेचे विघटन करणाऱ्या एका विकराचा वेग मोजून जे समीकरण मांडले, त्याचा आशय साध्या शब्दांत असा आहे. ज्या पदार्थावर विकर काम करते त्याला सबस्ट्रेट म्हणतात. सबस्ट्रेटची संहती वाढवत गेले की आरंभी वेग जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतो, नंतर वाढ मंदावते आणि शेवटी वेग एका मर्यादेच्या जवळ जाऊन स्थिरावतो. ती मर्यादा म्हणजे व्ही-मॅक्स, आणि त्याच्या निम्मा वेग ज्या संहतीला मिळतो ती संहती म्हणजे केएम. व्याख्या एवढीच आहे, पण परीक्षेत विचारला जातो तो तिचा अर्थ. केएम लहान असेल तर थोड्याशा सबस्ट्रेटवरही विकर बऱ्याच वेगाने काम करते, म्हणजेच बहुतेक वेळा त्याची सबस्ट्रेटबद्दलची ओढ जास्त असते. केएम मोठा असेल तर भरपूर सबस्ट्रेट मिळाल्याशिवाय विकर वेग घेत नाही. केएम आणि ओढ यांचे हे नाते व्यस्त आहे, आणि घाईत लिहिणारा विद्यार्थी बहुधा इथेच चुकतो.

वेग काढण्यासाठी सबस्ट्रेटच्या संहतीला केएम आणि सबस्ट्रेट यांच्या बेरजेने भागावे आणि आलेल्या अपूर्णांकाला व्ही-मॅक्सने गुणावे. सबस्ट्रेट केएमइतका असेल तर एक भागिले दोन, म्हणजे ५० टक्के वेग येतो. सबस्ट्रेट केएमच्या नऊपट असेल तर नऊ भागिले दहा, म्हणजे ९० टक्के. १० टक्के वेगासाठी केएमचा नववा भाग पुरतो. याचा अर्थ १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जायला सबस्ट्रेट ८१ पट वाढवावा लागतो. हा आकडा स्वतः काढून पाहा, म्हणजे आलेख टोकाला इतका आडवा का होतो ते कळेल.

आता शरीरातले उदाहरण घेऊ. ग्लुकोजला फॉस्फेट जोडणारी दोन विकरे आहेत. स्नायू, मेंदू आणि इतर बहुतेक पेशींमधल्या हेक्सोकायनेजचा केएम सुमारे ०.१ मिलिमोल प्रति लिटर किंवा त्याहून कमी आहे, तर यकृतातल्या ग्लुकोकायनेजसाठी तीच संहती सुमारे ८ ते १० आहे. उपाशीपोटी रक्तातील ग्लुकोज लिटरमागे ५ मिलिमोल, म्हणजे १०० मिलिलिटरमागे सुमारे ९० मिलिग्रॅम असते. वरचा हिशोब लावला तर हेक्सोकायनेज त्या वेळीही ९८ टक्के वेगाने चालू असते, आणि जेवणानंतर ग्लुकोज १० मिलिमोलवर गेले तरी त्याच्या वेगात फरक पडायला जागाच उरलेली नसते. ग्लुकोकायनेजचा केएम १० धरला तर त्याचा वेग मात्र ३३ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर जातो. हा हिशोब ढोबळ आहे, कारण ग्लुकोकायनेजचा आलेख किंचित इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो, पण त्यातले मर्म पक्के आहे. जेवणानंतरचे वाढलेले ग्लुकोज ओळखून ते साठवण्याचे काम यकृताकडे असल्यामुळे त्याला मोठ्या केएमचे विकर उपयोगी पडते, तर मेंदूला साखर कमी असतानाही ती मिळाली पाहिजे म्हणून त्याला लहान केएमचे. केएमवरचा कोणताही प्रश्न आला तर हे उदाहरण मनाशी आणावे.

अवरोधक म्हणजे विकराचे काम रोखणारे पदार्थ. त्यांचा तक्ता पाठ करण्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत. सबस्ट्रेट पुरेसा वाढवला तर अवरोधक हटेल का? हटणार असेल तर शेवटी पूर्ण वेग मिळेल, म्हणजे व्ही-मॅक्स बदलणार नाही. पण निम्म्या वेगापर्यंत पोहोचायला आता जास्त सबस्ट्रेट लागेल का? लागेल, म्हणून केएम वाढेल. हा झाला स्पर्धात्मक अवरोध. एसटीच्या खिडकीतून आत टाकलेल्या रुमालासारखा हा अवरोधक जागा अडवतो आणि स्वतः प्रवास करत नाही. गर्दी पुष्कळ वाढली की रुमाल बाजूला होतो. अस्पर्धात्मक अवरोधक मात्र सबस्ट्रेट जिथे बसतो त्या सक्रिय जागेपासून दूर दुसरीकडेच बसतो, त्यामुळे सबस्ट्रेट कितीही ओतला तरी विकराच्या काही रेणूंचे काम बंदच राहते. म्हणून व्ही-मॅक्स घटतो, आणि उरलेले रेणू पूर्वीसारखेच असल्यामुळे केएम तोच राहतो. तिसऱ्या प्रकारात अवरोधक केवळ विकर आणि सबस्ट्रेट यांच्या जोडीलाच चिकटतो, आणि तिथे दोन्ही घटतात. हा प्रकार बारावीला क्वचित विचारला जातो, पण नर्सिंगच्या वर्गात त्याचा उल्लेख होतो, म्हणून लक्षात असू द्यावा.

महाराष्ट्रातल्या दोन घटनांच्या आधारे हे दोन्ही प्रकार मी वर्गात शिकवत असे, आणि ते विद्यार्थ्यांच्या कायमचे लक्षात राहत. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल होते. मिथेनॉल स्वतः फारसे घातक नसते. यकृतातले अल्कोहोल डीहायड्रोजनेज त्याचे फॉर्मल्डिहाइड करते आणि त्यापासून पुढे फॉर्मिक आम्ल तयार होते, जे डोळ्यांच्या नसा निकामी करते आणि जीव घेते. याच विकराला इथेनॉलची ओढ मिथेनॉलपेक्षा कितीतरी अधिक असते, म्हणून रुग्णालयात देखरेखीखाली इथेनॉल किंवा फोमेपिझोल देऊन विकराची जागा अडवतात, आणि तोवर मिथेनॉल मूत्रावाटे किंवा डायलिसिसने बाहेर काढतात. स्पर्धात्मक अवरोधाने माणसाचा जीव वाचतो याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

दुसरी घटना २०१७ मधली आहे. यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणीत वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकांमध्ये ऑर्गॅनोफॉस्फेट हा मोठा गट आहे. ही द्रव्ये अॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराच्या सक्रिय जागेतल्या सेरिनला पक्क्या बंधाने जोडली जातात. मग हे विकर एरवी ज्याचे विघटन करते ते अॅसिटिलकोलिन, म्हणजे नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नेणारे द्रव्य, साचत जाते, बाहुल्या बारीक होतात, लाळ आणि छातीतला स्राव वाढतो, स्नायू फडफडू लागतात. अॅट्रोपिन दिल्याने साचलेल्या अॅसिटिलकोलिनचा परिणाम रोखला जातो, पण विकर मोकळे होत नाही. ते मोकळे करण्यासाठी प्रॅलिडॉक्सिम हे औषध आहे, आणि काही वेळाने तो बंध आणखी पक्का होत असल्यामुळे ते लवकर द्यावे लागते. परिचारिकेच्या दृष्टीने हा फरक अत्यंत महत्त्वाचा आहे. परीक्षेच्या दृष्टीने एवढे ध्यानात घ्यावे की असा कायमचा अवरोधक सक्रिय जागेतच बसत असला तरी तो स्पर्धात्मक ठरत नाही, कारण सबस्ट्रेट वाढवून तो हटत नाही. कामाचे विकरच कमी होते, म्हणून व्ही-मॅक्स घटतो आणि केएम तसाच राहतो.

प्रश्न : रक्तातील साखरेसाठी राखाडी टोपणाचीच नळी का वापरायची, या प्रश्नाला मी 'फ्लोराइड साखर टिकवते' असे उत्तर लिहिले आणि मला निम्मेच गुण मिळाले. काय राहिले? (डीएमएलटी, नाशिक)

उत्तर : 'टिकवते' हा परिणाम झाला; त्यामागची क्रिया लिहायची राहिली. रक्त शरीराबाहेर काढले तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि ग्लुकोज वापरत राहतात. साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला, ग्लुकोज दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते. खेड्यातल्या शिबिरात घेतलेला नमुना तीन तासांनी तालुक्याच्या प्रयोगशाळेत पोहोचला तर १०० चा आकडा ८०-८५ वर आलेला असू शकतो. राखाडी टोपणाच्या नळीतले सोडियम फ्लोराइड हे ग्लायकोलिसिसमधल्या, म्हणजे पेशीने ग्लुकोज तोडण्याच्या क्रियेतल्या, इनोलेज या विकराचे काम थांबवते, आणि त्यामुळे ग्लुकोजचा वापर थांबतो. हे वाक्य लिहिले असते तर उरलेले गुण मिळाले असते.

याला जोडून आणखी एक गोष्ट लिहिता आली तर उत्तर उत्तम होते. इनोलेज ही ग्लायकोलिसिसच्या दहांपैकी नववी पायरी आहे. शेवटाजवळची पायरी बंद केली तरी वरच्या पायऱ्या काही काळ चालूच राहतात, म्हणून फ्लोराइड असूनही पहिल्या एक-दोन तासांत ग्लुकोज थोडे घटते आणि त्यानंतरच स्थिर होते. यासाठी नमुना थंड ठेवून प्लाझ्मा लवकर वेगळा करणे हे फ्लोराइडच्या नळीतही आवश्यक आहे.

हीच नळी दुसऱ्या तपासणीसाठी वापरता येईल का, हा तोंडी परीक्षेतला आवडता प्रश्न आहे. फ्लोराइड यूरिएज या विकरालाही रोखते, म्हणून यूरिएजच्या पद्धतीने युरिया मोजायचा असेल तर ती नळी चालत नाही. जांभळ्या टोपणाच्या नळीतले ईडीटीए धातूंचे आयन पकडून ठेवते, आणि अल्कलाइन फॉस्फटेजला जस्त व मॅग्नेशियम लागत असल्यामुळे त्या नळीत त्याचा आकडा खोटा कमी येतो. सहघटक (विकराला कामासाठी लागणारा जोडीदार) म्हणून धातूचे आयन असे पुस्तकात एका ओळीत असते, त्याचा प्रत्यक्ष अर्थ हा आहे.

अहवालात एसजीपीटी या यकृताच्या तपासणीतल्या विकरापुढे 'युनिट प्रति लिटर' का लिहितात हेही याच ओघात समजून घ्यावे. विकर किती मिलिग्रॅम आहे हे आपण मोजत नाही, ते किती काम करते हे मोजतो. मिनिटाला एक मायक्रोमोल सबस्ट्रेट बदलणारे विकर म्हणजे एक युनिट. असे मोजताना किटमध्ये सबस्ट्रेट केएमच्या कितीतरी पट ठेवलेला असतो, म्हणजे वेग केवळ विकराच्या प्रमाणावर अवलंबून राहतो. कोल्हापूरच्या पत्राला दिलेले उत्तर वाचून मग हे वाक्य पुन्हा वाचावे.

प्रश्न : मुलगा ग्लायकोलिसिसच्या दहाही पायऱ्या रोज लिहून काढतो आणि आठवड्याने विसरतो. हे आवश्यक आहे का? (पालक, सोलापूर)

उत्तर : दहाही पायऱ्या एकदा समजून लिहिणे आवश्यक आहे, रोज लिहिणे नाही. दोन एटीपी कोठे खर्च होतात, चार कोठे मिळतात, दोन एनएडीएच (हायड्रोजन वाहून नेणारे रेणू) कोणत्या पायरीला तयार होतात आणि सहा कार्बनचे तीन-तीन कधी होतात, एवढे पक्के असावे. त्यानंतर हेक्सोकायनेज, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज आणि पायरुवेट कायनेज या तीन पायऱ्या प्रत्यक्षात उलट फिरत नाहीत आणि पेशी नियंत्रण मुख्यतः तिथेच ठेवते, हे लक्षात ठेवावे. या खुंट्या पक्क्या असल्या की मधल्या पायऱ्या त्यांच्या आधाराने आठवतात.

प्रश्न : आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा नावापुरतीच आहे. विकरांचे प्रकरण फळ्यावरच संपते. कमी साधनांत काही करून दाखवता येईल का? (शिक्षक, सिंधुदुर्ग)

उत्तर : आपल्या पत्राने मला फार आनंद झाला, कारण या प्रकरणाइतके स्वस्तात दाखवता येणारे दुसरे प्रकरण जीवशास्त्रात क्वचितच असेल.

सर्वांत सोपा प्रयोग बटाट्याचा आहे. औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड पाण्याने पातळ करून सुमारे ३ टक्क्यांचे करावे आणि दोन पेल्यांत सारखे घ्यावे. एकात कच्च्या बटाट्याचा कीस घालावा, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा उकडून गार केलेला. पहिल्यात कॅटॅलेजमुळे ऑक्सिजनचा फेस उसळतो, दुसऱ्यात जवळजवळ काहीच होत नाही. डोळे आणि हात जपण्याची सूचना आधी द्यावी.

दुसरा प्रयोग नाचणीचा आहे, आणि तो मला विशेष प्रिय आहे. नाचणीच्या पिठाची घट्ट खीर शिजवून चटका बसणार नाही इतकी कोमट होऊ द्यावी आणि तिचे दोन भाग करावेत. एका भागात मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे चमचाभर पीठ ढवळावे, दुसऱ्यात तेच पीठ आधी पाण्यात चांगले उकळून मग घालावे. पहिली खीर काही मिनिटांत पातळ होऊ लागते, दुसरी तशीच राहते. मोड येताना धान्यात तयार झालेले अमायलेज पिष्टमय साखळ्या तोडते, आणि लहान बाळाला मोडाच्या नाचणीचे सत्त्व देण्यामागेही हेच आहे: खीर पातळ राहते आणि तिच्यात अधिक पीठ मावते. १८३३ मध्ये पायाँ आणि पर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या बार्लीतून डायास्टेज वेगळे केले, ते याच जातीचे विकर होते, आणि विकरांच्या नावातला 'एज' हा प्रत्ययही त्याच शब्दावरून आला. विद्यार्थ्यांना हे सांगितले की घरातल्या मोडांकडे ते वेगळ्या नजरेने पाहतात.

तिसरा प्रयोग मोजणीचा असल्यामुळे परीक्षेच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाचा आहे. भाताची पेज गाळून पातळ करावी. प्रत्येक विद्यार्थ्याने चूळ भरून स्वतःचीच लाळ पाण्याने दहापट पातळ करून घ्यावी. तीन नळ्यांत पेज सारखी घेऊन एक बर्फात, दुसरी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवावी आणि तिसरी तशीच राहू द्यावी. पहिल्या दोन नळ्यांत साधी लाळ घालावी, तिसरीत उकळून गार केलेली. दर अर्ध्या मिनिटाने पांढऱ्या फरशीवर ठेवलेल्या आयोडीनच्या थेंबात प्रत्येक नळीतला एक थेंब मिसळावा आणि निळा रंग येणे कधी थांबते ती वेळ लिहून ठेवावी. पेज गरम असताना चाचणी करू नये, कारण उष्णतेने आयोडीनचा निळा रंग आपोआप जातो आणि विकराने काम केले असा खोटा भास होतो. कोमट नळीत रंग लवकर जातो, बाकीच्या दोन्हींत टिकून राहतो, आणि इथपर्यंत बर्फातली नळी व उकळलेल्या लाळेची नळी सारख्याच दिसतात. यानंतर मात्र त्या दोन्ही नळ्या कोमट पाण्यात ठेवून पुन्हा मोजणी सुरू करावी. बर्फातल्या नळीतला निळा रंग थोड्या वेळाने जातो, उकळलेल्या लाळेच्या नळीतला शेवटपर्यंत जात नाही. थंडीने विकर नुसते मंदावते आणि उष्णतेने त्याची रचनाच मोडते, या एका वाक्यावर जे प्रश्न दरवर्षी येतात, त्यांचे उत्तर मुलांना तेव्हा स्वतःच्या वहीतल्या वेळांच्या रकान्यात लिहिलेले सापडेल.